हॉर्नसीमधला ‘सी’ म्हणजे समुद्र नव्हे

मागच्या अंकात इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर एक छोटा लेख होता, उत्तरेला स्टेथ्स गावापासून खाली स्पर्न पॉइंट या समुद्रात गेलेल्या वाळूच्या लांब दांड्यापर्यंतचा, त्यात कडे, कोळ्यांची गावं, दीपगृहं असं सगळं धावतं धावतं येऊन गेलं. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांना नावांचं कुतूहल आहे आणि मला ते फार आवडलं, कारण या किनाऱ्यावर नाव नीट वाचलं की जमीन कशी आहे, तिथे कोण येऊन राहिलं, काय बुडालं यातलं निम्मं तिथेच कळतं. काही नावं मात्र साफ भलतीकडे नेतात. त्यातल्याच एकापासून सुरुवात करू.

प्रश्न: रॉबिन हूड तर शेरवूडच्या जंगलातला ना, नॉटिंगहॅमकडचा? मग यॉर्कशायरला समुद्रावर रॉबिन हूड्स बे नावाचं गाव कसं? तो तिथे लपला होता असं एका व्हिडिओत ऐकलं.

तो तिथे आल्याचा कसलाही पुरावा नाही. मुळात रॉबिन हूड नावाचा एकच कोणी खरा माणूस होऊन गेला का, यावरच इतिहासकारांचं एकमत नाही. एका जुन्या लोकगीतात तो कोळ्यांच्या बोटीवर काम करतो आणि फ्रेंच चाच्यांचं जहाज पकडून आणतो अशी गोष्ट आहे, पण त्या गीतातलं गाव स्कारबरो, हे नाही. नाव मात्र जुनं आहे, १६ व्या शतकातल्या लिखाणात सापडतं. गावातली माणसं एवढं लांबलचक नाव घेतच नाहीत, त्यांच्यासाठी ते नुसतं ‘बे’ किंवा ‘बेटाऊन’.

मला विचाराल तर त्याहून भारी नाव तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने थोडं दक्षिणेला गेलं की लागतं, बॉगल होल. बॉगल म्हणजे तिकडच्या बोलीत खोड्या काढणारं छोटं भूत, आणि ओढा जिथे समुद्राला मिळतो त्या घळीत ते राहतं असं लोक मानायचे. उत्तरेला रन्सविक बेमध्ये असाच एक ‘हॉब’ होता, पण तो उपकारी, डांग्या खोकला घालवणारा. आया खोकणारं पोर कडेवर घेऊन त्या गुहेच्या तोंडाशी जायच्या आणि हॉबला हाक मारून सांगायच्या की बाबा रे, माझ्या लेकराचा खोकला घेऊन जा. त्या जागेचं नाव आजही हॉब होल्स आहे. तर रॉबिन हूड सोडून द्या, ही नावं लक्षात ठेवा, यांच्यामागे तिथली खरी माणसं आहेत.

प्रश्न: नकाशा उघडून बसले तर नॅब, वाइक, स्कार, ब्रिग असले शब्द परत परत दिसतात. हे इंग्रजीच आहेत का? डिक्शनरीत सगळे मिळत नाहीत.

आता इंग्रजीच म्हणायचे, पण यातले बरेचसे आले व्हायकिंगांबरोबर. ८६६ मध्ये डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, यॉर्क जिंकलं आणि ८७६ मध्ये जमिनी वाटून घेऊन चक्क शेती करायला लागले, त्यामुळे त्यांची भाषा शेतांना, ओढ्यांना, खडकांना सगळ्याला चिकटली. याच किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाच्या नावातला ‘बी’ म्हणजे वस्ती किंवा वाडी. त्याच्या आधी त्या जागेचं अँग्लो-सॅक्सन नाव स्ट्रेओनशाल्ह असं होतं, ते मागे पडलं, आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ‘विटेबी’ लिहिलेलं आहे.

वाइक म्हणजे किनाऱ्यात आत शिरलेला छोटासा उपसागर, उदाहरणार्थ हेबर्न वाइक. नॅब म्हणजे पुढे आलेलं खडकाचं नाक, सॉल्टविक नॅब, काउबार नॅब. नेस म्हणजे भूशिर, जसं केटलनेस, तिथलं जुनं गाव १८२९ मध्ये कडा घसरून समुद्रात गेलं. ब्रिगचा मूळ अर्थ धक्का, बोटी लावायची जागा, आणि फायली ब्रिग बघितलं की ते नाव का पडलं ते सांगायला लागत नाही, खडकांची अरुंद पट्टी सरळ समुद्रात घुसलीये. तिथे गोष्ट अशी सांगतात की सैतान हे बांधत होता, त्याचा हातोडा पाण्यात पडला, तो चाचपडायला गेला तर हातात हॅडॉक मासा आला, आणि हॅडॉकच्या अंगावरचे काळे डाग म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे. स्टेथ म्हणजे पण धक्काच, त्यावरून स्टेथ्स, तिथले जुने लोक त्याचा उच्चार ‘स्टिअर्स’ असा करतात. पुढे कॅप्टन कुक म्हणून गाजलेला जेम्स कुक १७४५ मध्ये इथेच एका दुकानात कामाला लागला होता, ते दुकान नंतर समुद्राने खाल्लं, कुक त्याआधीच व्हिटबीला जाऊन जहाजावर चढला होता.

आता स्कार. हा माझा सगळ्यात आवडता. स्कार म्हणजे उघडा खडक, आणि किनाऱ्यावर हा शब्द विशेषकरून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांच्या सपाट पट्ट्यांना वापरतात. रॉबिन हूड्स बेमध्ये पाणी पूर्ण ओसरलं की वरच्या कड्यावरून खाली बघायचं, खडकांच्या लांब वक्र रेघा दिसतात, एकीच्या आत एक, एखादा कांदा आडवा कापल्यासारख्या. झालंय असं की इथे जुरासिक काळातले थर जमिनीच्या हालचालीने घुमटासारखे वर उचलले गेले, मग समुद्राने तो घुमट वरून तासून सपाट केला. थर आलटून पालटून आहेत, कठीण मग मऊ मग परत कठीण, मऊ शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) लवकर झिजतं आणि कठीण थर उभे राहतात, म्हणून त्या रेघा. दोन रेघांच्या मधल्या खळग्यांत समुद्राचं पाणी साचून राहतं, त्यात खेकडे, शेवाळ, शिंपले. कोळ्यांच्या बायका या स्कारांवर भर थंडीत लिम्पेट नावाच्या शंखवर्गातल्या प्राण्यांना खडकावरून खरवडून काढायच्या, गळाला आमिष म्हणून. त्यांना तिकडे ‘फ्लिदर’ म्हणायचे. दुसरीकडून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांनी दगडाला दिलेलं नाव हजार वर्षं टिकतं ते उगाच नाही, रोज त्या दगडावर उभं राहून काम करायचं म्हटल्यावर त्याला नाव लागतंच.

प्रश्न: माझ्या मुलाने व्हिटबीचा ‘दगडाचा साप’ नेटवर बघितला, वेटोळं घालून बसलेला, डोकं पण आहे. खरा साप दगड झालाय का? आणि आपण गेलो तर असा उचलता येतो का?

मुलाला सांगा की खरा आहे पण साप नाही, आणि डोकं माणसाने कोरलंय. तो अमोनाइट. ऑक्टोपस-माकूळ यांच्या नात्यातला, गोल कवचात राहणारा समुद्री प्राणी, व्हिटबीकडचे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचे. व्हिटबीला ६५७ मध्ये मठ स्थापन करणाऱ्या हिल्डा नावाच्या साध्वी होत्या, त्यांनी जागा मोकळी करायला तिथल्या सगळ्या सापांचे दगड केले अशी कथा आहे. मग सापाला डोकं का नाही असा प्रश्न येणारच, तर तिथल्या कारागिरांनी अमोनाइटला डोकी कोरून विकायला सुरुवात केली. व्हिटबीच्या मानचिन्हावर पण असे डोकीवाले तीन आहेत. आणि शास्त्रज्ञांनी एका अमोनाइटच्या गटाचं नावच हिल्डाच्या नावावरून हिल्डोसेरस ठेवलं, मला ही गोष्ट फार गोड वाटते की दंतकथा पुसली नाही, शास्त्रीय नावात जपून ठेवली.

उचलायचं म्हणाल तर किनाऱ्यावर सुटा पडलेला छोटा तुकडा लोक घेतात, पण कड्यात हातोडी घालायची नाही. हे नुसतं नियम म्हणून सांगत नाहीये. तिथलं शेल इतकं ठिसूळ आहे की कड्याच्या पायथ्याशी सतत दगड पडत असतात आणि व्हिटबी ते सॉल्टविकच्या पट्ट्यात भरती आली की मागे कडा पुढे पाणी अशी अवस्था होते. लहान मुलं बरोबर असतील तर ओहोटी सुरू असताना जा आणि पाणी फिरायच्या आत परत या. काळा, हलका, चकचकीत तुकडा मिळाला तर तो जेट असू शकतो, तो दगड नसून त्याच काळातलं मंकी पझल जातीच्या झाडाचं लाकूड आहे, व्हिक्टोरिया राणीच्या काळात दुखवट्याचे दागिने याचेच व्हायचे.

प्रश्न: बेम्प्टनच्या कड्यांवर पक्षी असतात असं लेखात होतं. कड्यांना पण वेगवेगळी नावं असतात का?

असतात. बेम्प्टनचे कडे १०० मीटरच्या आसपास उंच आणि पूर्वी तिथे ‘क्लिमर’ म्हणजे दोराला लटकून कड्यावरून पक्ष्यांची अंडी गोळा करणारे लोक होते, मुख्यतः गिलेमॉटची. गॅनेट हे मोठे समुद्री पक्षी बघायला लोक जिथे गर्दी करतात त्या टोकाला स्टेपल न्यूक म्हणतात, न्यूक म्हणजे कोपरा. अंडी काढणं १९५४ च्या कायद्याने थांबलं. त्याच्या खूप आधी, १८६९ मध्ये, समुद्री पक्ष्यांना वाचवणारा कायदा झाला होता, कारण लोक बोटींतून येऊन नुसती मजा म्हणून इथल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडायचे.

प्रश्न: मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. फ्लॅम्बरो हेड टिकून आहे आणि तिथून जरा दक्षिणेला होल्डरनेसची जमीन दरवर्षी समुद्रात जाते, समुद्र तर दोन्हीकडे तोच. नक्की फरक काय?

फरक मातीचा. फ्लॅम्बरो हा चॉकचा, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या चुनखडकाचा, कठीण. तो पण झिजतो, त्यात गुहा, कमानी होतात, पण हळू. ब्रिडलिंग्टनच्या पुढे स्पर्नपर्यंतचा जो साधारण ६० किलोमीटरचा किनारा आहे तो हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली दगडगोट्यांची चिकणमाती आहे, म्हणजे बर्फ वितळला आणि जे होतं ते तिथेच पडलं. पावसाने ती फुगते, घसरते, खालून लाटा पायथा कुरतडतात, की वरून मोठा लगदा खाली. सरासरी दीड ते दोन मीटर दरवर्षी जातात, पण सरासरीवर जाऊ नका, एखाद्या जागी काही वर्षं काहीच होत नाही आणि मग एकाच हिवाळ्यात शेताचा मोठा तुकडा जातो.

अजून एक कारण, परीक्षेत लिहिलंस तर सर खूश होतील. ही माती बहुतेक बारीक गाळाची, ती पाण्यात विरघळल्यासारखी होऊन दूर वाहून जाते, त्यातून चांगली जाड वाळूची पुळण तयार होत नाही, आणि पुळण नसली की लाट थेट कड्याला भिडते. पुळणीत जागोजागी खोलगट भाग असतात त्यांना तिथे ‘ऑर्ड’ म्हणतात. ऑर्ड जिथे असेल तिथे कड्याचा पायथा उघडा पडतो आणि पडझड वाढते, आणि हे ऑर्ड दक्षिणेकडे सरकत राहतात, वर्षाला साधारण अर्धा किलोमीटर. म्हणून यंदा शेजाऱ्याचं शेत गेलं तर काही वर्षांनी आपला नंबर आहे हे तिथल्या शेतकऱ्याला आधीच दिसत असतं. मॅपलटन गावात १९९१ मध्ये सुमारे २० लाख पौंड खर्चून मोठमोठे दगड टाकून दोन बांध घातले, गाव आणि रस्ता वाचला, पण वाळू तिथे अडली आणि दक्षिणेकडची पडझड वाढली. एकाला वाचवलं की दुसऱ्याचं जातं, हा तिथला खरा तिढा आहे आणि त्यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून कोणाकडे नाही.

आणि ब्रिडलिंग्टनजवळच्या स्यूअरबीला जमलं तर जरूर बघ. तिथे चॉकचा कडा समुद्र सोडून जमिनीत मातीखाली शिरताना दिसतो. तो सव्वा लाख वर्षांच्या आसपास जुना किनारा आहे, तिथून आतल्या बाजूने थेट हंबर नदीवरच्या हेसलपर्यंत जातो, म्हणजे होल्डरनेस नावाचा प्रदेशच तेव्हा नव्हता, तिथे पाणी होतं. त्या गाडलेल्या कड्याच्या पायथ्याशी पाणघोड्याची हाडं सापडलीयेत, यॉर्कशायरमध्ये पाणघोडे, विचार कर.

जाता जाता, फ्लॅम्बरोचं टोक तोडून टाकल्यासारखा जो लांब खंदक आणि बांध आहे त्याचं नाव डेन्स डाइक. नावावरून डेन लोकांनी खणला असं वाटतं पण तो ते येण्याच्या कितीतरी आधीचा, प्रागैतिहासिक आहे.

प्रश्न: हॉर्नसी, विदर्नसी, स्किपसी, किल्नसी, सगळ्यांच्या शेवटी ‘सी’. समुद्रकाठची गावं म्हणून ना?

नाही, आणि हा प्रश्न विचारलात म्हणून मनापासून आभार. हा ‘सी’ तळ्याचा. जुन्या भाषेत हा शब्द तळ्याला पण वापरायचे. वर सांगितलेली बर्फाने टाकलेली माती उंचसखल होती, तिच्या खळग्यांत पाणी साचून तळी झाली, आणि त्या तळ्यांच्या काठी गावं वसली. तेव्हा यातली बरीच गावं समुद्रापासून लांब होती. स्किपसी म्हणजे जहाजं येणारं तळं. तळी एकेक करून गाळाने भरली, काही लोकांनी उपसून शेतं केली, काही समुद्राने खाल्ली. मोठं म्हणावं असं एकच उरलंय, हॉर्नसी मिअर, यॉर्कशायरमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं. हॉर्नसीला जाऊन लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात आणि ज्याच्यामुळे गावाला नाव मिळालं ते पाणी गावाच्या मागे असतं.

समुद्र मग चालत आला. रोमन काळापासून साधारण ५ किलोमीटर रुंदीची पट्टी गेलीये आणि तिच्याबरोबर दोन डझनाहून जास्त गावं. ऑबर्न, हार्टबर्न, हॉर्नसी बेक, मंकवेल, जुनं किल्नसी. ओथॉर्नचं चर्च १८१६ मध्ये कोसळलं, त्याच्या आधीपासून कब्रस्तान कड्यावरून सुटत होतं आणि शवपेट्या, हाडं खाली वाळूत पडत होती, आणि ती आपल्याच गावच्या माणसांची होती. ओथॉर्न हे नाव आता विदर्नसीच्या एका भागाला उरलंय. किल्नसीत ब्लू बेल नावाची एक इमारत आहे, पूर्वी खानावळ होती, तिच्या भिंतीवर दगडात कोरलंय की ही १८४७ मध्ये बांधली, समुद्रापासून ५३४ यार्डांवर. १९९४ मध्ये डागडुजी केली तेव्हा परत मोजलं, १९० यार्ड. बांधणाऱ्याला माहीत होतं की कोणीतरी मोजायला येणार.

प्रश्न: रेव्हनस्कार आणि रेव्हन्सर ऑड एकच का? दोन्हीकडे ‘गायब झालेलं शहर’ असं वाचलं.

दोन वेगळी, एक वर उत्तरेला एक पार खाली, आणि दोन्हींची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. रेव्हनस्कार हे रॉबिन हूड्स बेच्या दक्षिणेचं उंच टोक, तिथे आधी तुरटीचा कारखाना होता, शेल महिनोन् महिने जाळायचं, पाण्यात भिजवायचं, मग त्यात समुद्री शेवाळाची राख नाहीतर माणसाचं मूत्र घालायचं, ते मूत्र जहाजाने लांबून यायचं. कारखाना १८६२ ला बंद पडला. पुढे १८९० च्या दशकात एका कंपनीने इथे मोठं पर्यटनाचं शहर वसवायचं ठरवलं, रस्ते आखले, गटारं टाकली, ‘पीक’ हे जुनं नाव बदलून रेव्हनस्कार केलं, पण प्लॉट काही खपले नाहीत, वारा जोरदार आणि किनारा खूप खोल खाली, आणि कंपनी बुडाली. म्हणजे हे शहर गायब झालं नाही, झालंच नाही.

रेव्हन्सर ऑड मात्र खरंच होतं. १३ व्या शतकाच्या पूर्वार्धात हंबरच्या मुखाशी वाळू-गोट्यांचा एक उंचवटा पाण्यातून वर आला. १२९० च्या एका चौकशीत लोकांनी सांगितलं की तिथे एक जहाज लागून फुटलं, एका माणसाने त्याची खोपटी केली आणि येणाऱ्या खलाशांना खायला-प्यायला विकायला लागला, तिथून सगळं सुरू झालं. मग घरं, बाजार, मासळी. समोरच्या ग्रिम्सबीच्या व्यापाऱ्यांची तक्रार होती की हे लोक बोटी घेऊन आडवे येतात आणि जहाजांना जबरदस्तीने आपल्याकडे वळवतात. १२९९ मध्ये राजा एडवर्ड पहिला याने हंबरवरच्या हल गावाला आणि रेव्हन्सर ऑडला एकाच वर्षी शहराची सनद दिली. पार्लमेंटवर इथून दोन माणसं जायची. आणि मग ज्या समुद्राने वाळू आणली त्यानेच ती नेली, १४ व्या शतकाच्या मध्यापर्यंत बरंचसं शहर गेलं होतं, मठाच्या बखरीत लिहिलंय की कब्रस्तानातली प्रेतं उघडी पडली, आणि १३६२ च्या मोठ्या वादळानंतर काही उरलंच नाही. हल आज मोठं बंदर आहे, दोघांची सुरुवात एकाच सनदेच्या वर्षाची, फक्त एकाखाली जमीन होती. ऑड म्हणजे जुन्या नॉर्समध्ये टोक, आणि रेव्हन्सरमधला शेवटचा ‘अर’ हा वाळूगोट्यांच्या दांड्याचा शब्द, म्हणजे नावात पाया काय आहे ते सरळ लिहिलेलं होतं.

प्रश्न: स्पर्न पॉइंटला आईबाबांना घेऊन जाता येईल का? दोघं सत्तरीचे आहेत, चालतात पण हळू.

चालायची तयारी असेल तर जमेल, पण गाडी टोकापर्यंत जात नाही. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी भरतीत स्पर्नची मान तुटली, रस्ता वाहून गेला, आणि आता मोठ्या भरतीला त्या भागावरून पाणी जातं, तेवढा वेळ टोक म्हणजे बेट होतं. टोकापर्यंत एका बाजूने पाच-साडेपाच किलोमीटर, त्यातला तुटलेला भाग मऊ वाळूचा, दमवणारा. आईबाबांसाठी मी असं करेन की किल्नसीच्या बाजूला वाइल्डलाइफ ट्रस्टचं केंद्र आहे तिथे बसायचं, झेपेल तेवढंच चालायचं आणि १८९५ चं काळं-पांढरं दीपगृह लांबूनच बघायचं. भरतीच्या वेळा केंद्रावर लावलेल्या असतात, आधी त्या वाचा, मगच पुढे.